दोघांना उचलणारं इंजिन

(अलास्का. नदीकाठच्या गावातली विमानाची शेड, ऑगस्टमधली सकाळ. टॉबिन पाना घेऊन छोट्या विमानाच्या नाकापाशी उभा आहे. म्हातारा हॉल्वर खोक्यावर बसलाय.)

हॉल्वर : नाक बघ तिचं. नाक कुठलं, नुसता भोपळा झालाय.

टॉबिन : तिसऱ्यांदा सांगताय.

हॉल्वर : तिसऱ्यांदा दिसला म्हणून. तीस वर्षं माझ्याकडे होती, कधी साधी सर्दी झाली नाही तिला. तू दोन वर्षांत तिची छाती उघडून दुसरं काळीज बसवलंस.

टॉबिन : हॉल्वर, तुम्ही मला विमान विकलंत. मुलगी दिली नाहीत.

हॉल्वर : मुलगी दिली असती तर निदान कॉफी तरी विचारली असतीस.

टॉबिन : कॉफी येतेय. मर्टल घेऊन येताहेत.

हॉल्वर : मर्टल? कॉफी द्यायला ती एवढं चालत येणार? घरातल्या घरात मला उठून घ्यायला लावते.

टॉबिन : तो फडका द्या जरा इकडे.

हॉल्वर : घे. काल सुरू केलंस म्हणे.

टॉबिन : म्हणे काय? तुम्ही खिडकीतून बघत होतात.

हॉल्वर : मी हवा बघत होतो.

टॉबिन : एक बटण दाबलं, पहिल्या फटक्यात सुरू!

हॉल्वर : बटण! मी हाताने पंखा फिरवून उठवायचो तिला. भर हिवाळ्यात, हातमोजे काढून. तिला माझा हात कळायचा. आणि बटण आलं म्हणजे बॅटरी आली. ती कुठे कोंबलीस?

टॉबिन : शेपटाकडे, मागच्या सीटच्या पाठी. नाक जड झालं ना, तोल साधायला नको?

हॉल्वर : वा! आधी नाकात धोंडा घालायचा, मग तो पेलायला शेपटात धोंडा घालायचा.

टॉबिन : पण उचलते किती ते बघा ना. तुमचं नव्वद घोड्यांचं इंजिन धावपट्टीच्या टोकापर्यंत रखडत जायचं. हे दीडशे घोड्यांचं. अर्ध्या पट्टीतच हवेत. टाकी भरलेली, दोन माणसं बसलेली, तरीही.

हॉल्वर : दोन कशाला? मूस हरणाच्या शिकारीला तर तू एकटाच जातोस.

टॉबिन : हो, ते आहेच…

हॉल्वर : टॉबिन, दोन कोण?

मर्टल : मी.

हॉल्वर : तू कधी आलीस? आणि रबरी बूट कशाला घातलेस?

मर्टल : पाण्यात पाय घालायचेत. ही तुझी कॉफी. टॉबिन मला वरच्या खोऱ्यात नेतोय. तुझ्या त्या खडीच्या बेटावर.

हॉल्वर : हे कधी ठरलं?

मर्टल : नवं इंजिन खोक्यातून निघालं त्या दिवशी. तू बसलायस त्याच खोक्यातून.

हॉल्वर : आणि मला कधी सांगणार होतीस?

मर्टल : सांगितलं की आत्ता.

हॉल्वर : तिथे बघण्यासारखं आहे काय? दगड आणि डास.

मर्टल : तीस वर्षं हेच ऐकतेय. दर ऑगस्टला एकटा दगड आणि डास बघायला जायचास. आणि परत आलास की आठवडाभर घरात असा वावरायचास, जणू कुठेतरी पोटभर जेवून आलायस. दुसरी बाई असती तर तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या. नदीचं काय उपटू?

हॉल्वर : मी काय मुद्दाम नेलं नाही तुला? एवढंसं बेट. तिथून दोघांना घेऊन ती उठत नव्हती. शंभरदा सांगितलंय.

मर्टल : सांगितलंयस, आणि मी शंभरदा मान्य केलंय. म्हणूनच म्हटलं, आता इंजिनाची अडचण संपली.

हॉल्वर : ह्या पोराबरोबर जाणार तू?

मर्टल : पोर चाळीस वर्षांचं आहे. डॉक्टरने तुझे डोळे नापास केले नसते तर तुझ्याबरोबर गेले असते.

हॉल्वर : टॉबिन, तू मला विचारायला हवं होतंस.

टॉबिन : विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?

हॉल्वर : नाही.

टॉबिन : मग झालं तर. आता कळलंच आहे तर एक सांगा. चाकं नेमकी कुठे टेकवायची? मी वरून घिरट्या घालून आलो, सगळं बेट सारखंच दिसतं.

हॉल्वर : दीडशे घोड्यांना विचार.

मर्टल : हॉल्वर!

हॉल्वर : काय हॉल्वर? बेट मी शोधलं. विमान गेलं, इंजिन गेलं, आता बायको जाऊन याच्या मागे बसणार. वर वाटही मीच दाखवायची?

टॉबिन : राहू दे. बाबा असते तर त्यांना विचारलं असतं. त्यांना नक्की आठवलं असतं…

हॉल्वर : तू तुझे नट आवळ.

मर्टल : थांब. तुझ्या बाबाला, एमेटला काय आठवलं असतं?

टॉबिन : बेट. बाबा गेले होते ना यांच्याबरोबर. मी शाळेत होतो तेव्हा. तुम्हाला माहीत नाही?

मर्टल : दुसऱ्या कुणाच्या विमानातून गेला असेल.

टॉबिन : नाही हो, ह्यातूनच. मागच्या सीटवर बसून. थंडीने दाट झालेली हवा, टाकी अर्धी, समोरून उचलणारा वारा. बाबा सगळ्यांना सांगायचे, टुणकन उठलं म्हणून. मी… जरा बाहेर जाऊन पंखांवरचं दव पुसतो.

मर्टल : विमान आत आहे, टॉबिन. दव कुठलं? उभा राहा इथेच. एमेट! माझ्या दीडपट होता तो. हॉल्वर, उठत होती का ती दोघांना घेऊन?

हॉल्वर : थंडी असली तर. टाकी अर्धी असली तर.

मर्टल : म्हणजे उठत होती.

हॉल्वर : उठत होती.

मर्टल : आणि मी तीस वर्षं त्या बिचाऱ्या इंजिनाला शिव्या घातल्या!

हॉल्वर : एमेटला एकदाच नेलं आणि पस्तावलो. दिवसभर तोंड चालू. मासे, बोटीची मोटर, तुझ्या हातचा पाव. तिथेच कानाला खडा लावला, पुन्हा कुणाला आणायचं नाही.

मर्टल : मी काय बडबडले असते?

हॉल्वर : नाही. तू नसती बडबडलीस.

मर्टल : मग?

हॉल्वर : तू बूट काढून खडीवर बसली असतीस. गप्प. पाण्याकडे बघत. माझ्यासारखीच. तुला खूप आवडलं असतं ते. मग दर ऑगस्टला आपण दोघं गेलो असतो. ती जागा आपली झाली असती, मर्टल. माझी राहिली नसती. तू तिथे पाऊल टाकायच्या आधीच मी तुझ्यावर जळत होतो.

मर्टल : माझ्यावर.

हॉल्वर : हो. आणि आता ह्याच्यावर जळतोय. हसू नकोस, टॉबिन.

टॉबिन : मी कुठे हसतोय?

मर्टल : बरं झालं सांगितलंस. दार उघड, टॉबिन.

हॉल्वर : जाऊ नकोस.

मर्टल : जाणार.

हॉल्वर : मी रागावेन.

मर्टल : रागाव. सूप चुलीवर ठेवलंय, ते ढवळत ढवळत रागाव.

टॉबिन : पण मर्टल, उतरायचं कुठे तेच…

मर्टल : वरून बघू. उतरता येईलसं वाटलं तर उतर.

हॉल्वर : वरून काय कळणार आहे, कपाळ? वरून वाळूसुद्धा खडीसारखी दिसते!

टॉबिन : वाळू आहे तिथे?

हॉल्वर : खालच्या टोकाला. माझी चाकं रुतली होती एकदा. नाक हलकं होतं म्हणून निभावलं. हा भोपळा घेऊन तू तिथे ब्रेक दाबलास की नाक जमिनीत आणि शेपूट आभाळात. आणि मागे ही बसलेली असणार.

टॉबिन : मग कुठून येऊ?

हॉल्वर : नदीच्या वरच्या अंगाने. काठावर एक वाळकं झाड आहे, अस्वलांनी साल सोललेलं. बरोबर त्याच्यासमोर चाकं टेकव. पुढे एक पांढरा ओंडका पडलाय, त्याच्या अलीकडे थांबायचं. ओंडक्यापलीकडे सगळी वाळू.

टॉबिन : वाळकं झाड, पांढरा ओंडका. चला, बाहेर ढकलू या. तुम्ही शेपूट धरा.

हॉल्वर : धरलंय. माझ्या वेळी एका हाताने वळायची ही. बस, पुरे. मर्टल, डोकं सांभाळ चढताना.

मर्टल : हा बेल्ट लागत नाहीये.

हॉल्वर : सोड, मी लावतो. त्याला आधी वर ओढावं लागतं. गळ्याशी कोट लाव, ह्या फटीतून वारा येतो.

मर्टल : तुला काय आणू तिथून?

हॉल्वर : दगड आणि डास.

टॉबिन : निघू मग?

हॉल्वर : जरा इकडे ये. आणखी जवळ ये, तिला ऐकू जायला नको.

टॉबिन : बोला.

हॉल्वर : उतरलात की तू विमानापाशीच थांब. नट आवळ, टायर बघ, काहीही कर. तिच्याशी गप्पा मारायला जाऊ नकोस.

टॉबिन : कुठवर?

हॉल्वर : ती हाक मारेपर्यंत.