युवा नेत्याचं कपाळ

वनमाला : हात लावू नका म्हटलं ना. साल निघतेय तिथली.

विजयसिंह : खाजतंय गं लई.

वनमाला : खाजणारच. भाजलंय ते. परमेश्वर, यांचा हात धर जरा.

परमेश्वर : म्या कसा धरू वहिनी? म्या चोवीस वर्सं दादांचे हात बळकट करायचं काम केलंय. धरायचं न्हाई.

विजयसिंह : परमेश्वर, खरं सांग. बघणाऱ्याला किती दिसतंय?

परमेश्वर : काईच न्हाई दादा. जरासं लाल हाय. कपाळावर फरशी बसवल्यावानी चौकोन चौकोन उठल्यात, तेवडंच. आन भुवईवर दोन फोड. लांबून तर समजत बी न्हाई.

वनमाला : लांबून म्हणजे कुठून? गेवराईतून?

विजयसिंह : तुझंच लेझरचं मशीन आहे ते. तूच घरात आणलंस.

वनमाला : माझंच आहे. योगिताला विचारून मागवलं. भाची असली तरी बीडमध्ये कातडीची डॉक्टर आहे ती, तिनं समोर बसून पुस्तिका वाचून घेतली माझ्याकडून. पहिल्या पायरीवर लावायचं, संध्याकाळी, एकदाच, आणि दुसऱ्या दिवशी उन्हात जायचं नाही. चार महिने झाले. डोळ्यांजवळच्या दोन सुरकुत्या आत्ता कुठं जरा लाजायला लागल्यात.

विजयसिंह : चार महिने कुणाला आहेत? उद्या बीडला मुलाखत आहे माझी.

वनमाला : म्हणून पाचव्या पायरीवर? दिवसातून सहा वेळा? सलग चार दिवस?

विजयसिंह : मशीनला पाच पायऱ्या दिल्यात, वनमाला. तालुकाध्यक्ष माणूस पहिल्या पायरीवर बसलेला कधी पाहिलास का?

परमेश्वर : वहिनी, दादांना बोलू नका. हिशेब माझा हुता. मार्चएंडला आपुन तीन महिन्यांचं डांबर तीन दिसांत टाकतो की न्हाई? बिल निगतंय न्हवं?

वनमाला : बिल निघतं. जूनमध्ये डांबरही निघतं. हे बघ, निघालंच की.

विजयसिंह : अगं, तू समजून तर घे. चोवीस वर्षं मी या तालुक्याचा युवक अध्यक्ष आहे. आता पक्षानं खूळ काढलंय, म्हणे चाळिशीच्या वरचा युवक चालणार नाही. मुंबईहून निरीक्षक यायचेत. मी अर्जात एकोणचाळीस लिहिलंय.

वनमाला : एकोणचाळीस?

परमेश्वर : कागदाची फिकीर करू नका वहिनी. कागद आमी केलाय. पार शाळेपातुर गेलतो म्या. कागद एकोणचाळीसच म्हंतोय. फकस्त चेहरा कागदाला साथ देईना, म्हनून ही मशीन.

वनमाला : अरे, आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. म्हणजे हे तेरा वर्षांचे असताना माझ्याशी लग्न झालं. उद्या त्या निरीक्षकानं हिशेब केला तर माझ्यावर गुन्हा दाखल होईल.

विजयसिंह : चेष्टा करू नको. तुला माहीत नाही नावापुढचं युवक गेल्यावर माणसाचं काय होतं ते.

वनमाला : काय होतं? वय होतं.

विजयसिंह : ज्येष्ठ होतो. मग मार्गदर्शक होतो. बॅनरवर वरच्या कोपऱ्यात, टिकलीएवढ्या गोलात फोटो. माझ्याआधीच्या अध्यक्षांना, आपल्या बद्रीनाथकाकांना, कुणी मार्गदर्शक केलं? मीच केलं. भर सभेत म्हटलं, आमचे आदरणीय मार्गदर्शक, आणि पाया पडलो. दुसऱ्या दिवशी काकांच्या ओसरीवर चिटपाखरू नव्हतं. एक कुत्रं यायचं, तेही पुढं आपल्याकडं यायला लागलं.

परमेश्वर : त्या सभेत पयली टाळी म्या वाजवलती, दादा.

विजयसिंह : माहीत आहे. म्हणून तर भीती वाटते मला. खरंच वाटते, वनमाला. सकाळी उठलो आणि अंगणात माणूस नसला तर मी काय करायचं?

वनमाला : बरं, नंतर बघू. आता हे ओलं फडकं ठेवते, हलू नका. गार पाण्याचंच हवं, बर्फ नाही, असं योगितानं दोनदा सांगितलंय. सकाळी फोनवर भांडली माझ्याशी. मशीन बंद, साबण बंद, अत्तर बंद. फोड फोडायचे नाहीत. साधं व्हॅसलीन लावायचं. पू झाला, ताप आला किंवा डोळ्याला त्रास झाला तर तसंच उचलून दवाखान्यात आणायचं. आणि ऊन बिलकूल लागू द्यायचं नाही. आत्ता ऊन लागलं तर प्रत्येक चौकोन काळा पडेल, आणि तो काळेपणा महिनोन्महिने जायचा नाही.

परमेश्वर : वहिनी, मेडिकलवाल्यानं ही ट्यूब दिलीय. म्हनला दोन दिसांत साफ करती. समदा तालुका हीच लावतो.

वनमाला : आण इकडं ती. योगितानं पहिला प्रश्न हाच विचारला, परमेश्वरनं ट्यूब आणली का म्हणून. असल्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, न विचारता लावली की कातडी पातळ होते, आणि सोडली की दुप्पट उसळतं. आणि दाताची पेस्ट कुणी लावली होती काल? भुवईखाली पांढरं दिसलं मला.

परमेश्वर : गार पडतंय म्हनून लावलं जरासं. पेस्ट, आन वरून लिंबू.

वनमाला : लिंबू! भाजलेल्या कातडीवर लिंबू! कोंबडी भाजत होतास का रे?

विजयसिंह : ते सोडा. किती वाजले?

परमेश्वर : साडेधा. दादा, आता निगाया पायजे. बारा पस्तीसचा मुहूर्त हाय.

वनमाला : कसला मुहूर्त?

परमेश्वर : शहादेव मुकादमाच्या पोरीचं, सुनिताचं लगीन न्हवं का आज. वडवणी रोडला, शेतात मांडव घातलाय. बारा गावच्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावरून आल्यात, समदी तितंच हायत. शहादेव म्हनलाय, दादा आल्याबिगर अक्षता पडणार न्हाईत.

वनमाला : मे महिन्यात भर दुपारी मांडवात? नाही जायचं. मांडवातून स्टेजपर्यंत, स्टेजवरून पंगतीपर्यंत, आणि मग फोटो. परत येईपर्यंत तवा झालेला असेल कपाळाचा.

विजयसिंह : गेलो नाही तर शहादेव गेला. शहादेव गेला तर बारा गावं गेली.

वनमाला : आणि गेलात तर उद्या निरीक्षकासमोर काळे चौकोन घेऊन बसा. दोन्हीपैकी काय हवं ते सांगा.

परमेश्वर : दादा, गमजा बांधू का तोंडाला? फकस्त डोळे उघडे ठेवू.

विजयसिंह : तोंड बांधून मांडवात गेलो तर लोक म्हणतील वाळूचोर आला. वऱ्हाडी पळून जातील.

परमेश्वर : मंग म्या छत्री धरतो. जाताना, येताना, भाषनाला बी.

विजयसिंह : मी नवरदेव आहे का?

वनमाला : आदिनाथला पाठवा.

विजयसिंह : कुणाला?

वनमाला : आदिनाथला. सत्तावीस वर्षांचा पोरगा आहे घरात. शहादेवच्या घरी जाणं-येणं आहे त्याचं. अक्षता टाकेल, तुमचा निरोप सांगेल, येईल परत.

विजयसिंह : पुतण्याला पाठवू? वनमाला, तू बीड जिल्ह्यातलीच आहेस ना?

वनमाला : अहो, त्याचे वडील दादाजी गेले तेव्हापासून या घरात वाढलाय तो. तुमच्या ताटात जेवलाय.

विजयसिंह : मीसुद्धा काकांच्याच ताटात जेवलो होतो.

वनमाला : मग जा उन्हात. मी नाही अडवत.

परमेश्वर : दादा, वहिनी म्हंत्यात त्यात पॉइंट हाय. म्या हाय की संगं. नजर ठेवतो.

विजयसिंह : ऐक मग. मागच्या गाडीत बसव त्याला. स्टेजवर चढू द्यायचं नाही. माईकला हात लावू द्यायचा नाही. पांढरे कपडे घालू द्यायचे नाहीत.

वनमाला : लग्नाला काय बनियनवर जाईल?

विजयसिंह : चौकडीचा शर्ट घालू दे. आणि माझा गॉगल त्याला देऊ नका. अक्षता टाकायच्या, शहादेवला कोपऱ्यात घेऊन सांगायचं, दादांना अचानक मुंबईला बोलावलं. आणि जेवायला न थांबता परत.

परमेश्वर : बिनघोर राहा दादा. म्या हाय.

(दुपारचे दोन. खिडक्यांचे पडदे ओढलेले. वनमालाच्या हातातला फोन स्पीकरवर.)

परमेश्वर : हॅलो, दादा! लगीन लागलं. एकदम बेस. मुहूर्तावर लागलं बगा, बारा पस्तीसला.

विजयसिंह : बारा पस्तीसला? आपल्या तालुक्यात मुहूर्तावर कधी लग्न लागतं का? भाषणं झाली नाहीत?

परमेश्वर : झाली की. आदिनाथचं झालं.

विजयसिंह : माईक कुणी दिला त्याला?

परमेश्वर : त्यांनी घेतला न्हाई दादा, आईशप्पत. शहादेवनं हाताला धरून वर न्हेलं. आता लोकायसमोर म्या काय पाय धरून वडू का?

विजयसिंह : किती बोलला?

परमेश्वर : दीड मिनिट.

विजयसिंह : दीड मिनिटात काय बोलणार?

परमेश्वर : तेच तर लोकायला लई आवडलं. तुमी बोलता तवा नवरदेव खाली बसतो न्हवं का, पानी मागतो. आज भटजी सोता येऊन पाटीवर थाप मारून गेले त्यांच्या.

विजयसिंह : माझं नाव घेतलं का नाही?

परमेश्वर : पयलंच घेतलं! म्हनले, आमचे आदरणीय मार्गदर्शक विजयसिंहकाका तब्येतीच्या कारनानं येऊ शकले न्हाईत.

विजयसिंह : काय म्हणाला?

परमेश्वर : तब्येतीच्या कारनानं.

विजयसिंह : त्याच्या आधी.

परमेश्वर : मार्गदर्शक.

वनमाला : उठू नका, फडकं पडेल. पडून राहा.

विजयसिंह : कुणी शिकवलं त्याला हे? तेव्हा तीन वर्षांचा होता तो.

वनमाला : शिकवायला कशाला लागतं? घरातली विद्या आहे.

विजयसिंह : आणि मुंबईचा निरोप? तो सांगितला का?

परमेश्वर : सांगनार हुतो दादा. पर मेडिकलवाला आदीच मांडवात आलता. समद्यायला म्हाईत झालतं, दादांनी तोंडाला लेझर मारलाय. बाया इचारायल्या, कितीला मिळती. आदिनाथ म्हनले, खोटं बोलून इज्जत जाती काकांची, तब्येत म्हनू.

वनमाला : शहाणा आहे पोरगा.

विजयसिंह : तू कुणाच्या बाजूची आहेस?

वनमाला : मी फडक्याच्या बाजूची. पुढं सांग रे परमेश्वर. जेवला का तो?

परमेश्वर : कुटलं जेवन, वहिनी! बाही वर केली, बुंदीची बादली घेतली आन पंगतीत वाडाया लागले. टोळीवरच्या म्हाताऱ्यायला नावानं हाक मारून, लावून लावून वाडलं. आन मेन बात तर पुडंच हाय. निरीक्षक साहेब आजच वडवणीला आलते. शहादेवनं त्यायला जेवाया बसवलं. त्यांच्या पत्रावळीत बी दादांनीच बुंदी वाडली.

विजयसिंह : कुणी वाढली?

परमेश्वर : दादांनी.

विजयसिंह : मी इथं पडलोय, परमेश्वर.

परमेश्वर : आ... आदिनाथनं. आदिनाथदादांनी. मांडवात समदे तसंच म्हनायलेत, माझ्या बी तोंडात बसलं.

वनमाला : दीड तासात बसलं?

परमेश्वर : कामच तसं केलं वो त्यांनी. साहेब म्हनले, युवक म्हंजी असा पायजे. मंग मला इचारलं, अध्यक्ष कोन हाय हितं? म्या तुमचं नाव सांगितलं दादा, खोटं कावून बोलू. ते म्हनले, त्यायला कळवा, उद्या उनाचं बीडला येऊ नका, आराम करा. आता त्यायला आदिनाथदादांची जन्मतारीख पायजे, अर्ज हितंच भरायलेत. आदिनाथदादा म्हनले, काकूला इचार, तिला पाठ हाय. सांगा बरं काकू.

वनमाला : सकाळी वहिनी होते मी.

परमेश्वर : तसं न्हवं वो... थांबा, पेन घेतो. साहेब हितंच हायत, होल्डवरच ठिवतो.

विजयसिंह : आवाज बंद कर फोनचा.

वनमाला : केला.

विजयसिंह : चोवीस वर्षं झाली याला माझ्याबरोबर. माझ्या गाडीत डावीकडं बसायचा. आज पहिली टाळी यानंच वाजवली असणार.

वनमाला : वाजवली असेल. तुम्हाला वाईट वाटतंय.

विजयसिंह : लई वाईट वाटतंय. आदिनाथचा राग येत नाही, हेच कळेना मला. बुंदी वाढली म्हणे. मी कधी वाढली का गं पंगतीत?

वनमाला : नाही. तुम्हाला कायम वाढलेलं मिळालं.

विजयसिंह : उद्यापासून अंगणात कुणी येणार नाही.

वनमाला : येतील, पण त्याच्याकडं येतील. आणि खरं सांगू? चोवीस वर्षं त्या सगळ्यांचा चहा मी केलाय. उद्या अंगणात कुणी नसलं तर तुम्हाला वाईट वाटेल, मी मात्र झोपेन सात वाजेपर्यंत.

विजयसिंह : चेहऱ्याचं काय म्हणाली योगिता? जाईल ना हे?

वनमाला : ऊन टाळलं, हात लावला नाही तर जाईल. पण सुरकुत्या राहतील. त्या काही भाजल्यानं गेल्या नाहीत.

विजयसिंह : राहू देत.

वनमाला : परमेश्वर थांबलाय फोनवर. पेन घेऊन. काय सांगू त्याला? तुमच्यासारखी तारीख मागं-पुढं करून सांगायची का?

विजयसिंह : नको. खरीच सांग. सत्तावीसचा आहे, अजून तेरा वर्षं त्याला खरी परवडेल.