वेलाच्या पल्याड

(निरवांगीच्या खालती नीरेचा काठ. चैत्र सरत आलेला, दुपार कलंडलेली. बनाबाई आणि तिचा लेक जोतीराम काठावर उभे. समोर नदीच्या कोरड्या वाळूत कलिंगडाचे वेल. वेलांच्या पलीकडे वाळूचं टेकाड, त्यावर एक खोप, आणि खोपीपाशी जोतीरामाची बायको झुंबर.)

जोतीराम : न्हाय आय, ह्ये आभाळ मला बरं दिसत न्हाय. बारामतीच्या अंगाला पार काळं झालंय. मी हाक मारतो तिला.

बनाबाई : मार की. कोण नगं म्हनतंय? पर सांगून ठिवते, वेलातनं आणायची न्हाय.

जोतीराम : मग काय उडत यील?

बनाबाई : खालच्या वाटंनं यिऊ दे, वळसा घालून. काल बाजूला बसली तवा त्याच वाटंनं गेली न्हवं? तशीच माघारी यील.

जोतीराम : आगं, वळसा केवढा! त्यातनं ती वाट वगळीतनं, पार नदीच्या खोलगट ओघळीतनं जाती. वेलातनं सरळ आली तर तुझं पान खाऊन हुयाच्या आत हितं पोचंल.

बनाबाई : आन फळं? तोडायला झालेली फळं हायती ती. कावळा शिवलेल्या बाईचं पाऊल पडलं की वेल करपतो, फळ आतनं नासतं. तू बाप्या माणूस, तुला काय कळतंय त्यातलं?

जोतीराम : तुला कुणी सांगितलं?

बनाबाई : माझ्या सासूनं. तिला तिच्या सासूनं. नदीत वेल लावणाऱ्या समद्या बाया पाळत आल्यात. आन वाळूत काय आपला एकट्याचा वेल हाय व्हय रं? ह्या अंगाला गेणूचा, त्या अंगाला मानसिंगाचा. उद्या त्येंचा वेल वाळला तर गाव कुणाच्या दारात यील? बनाबाईच्या सुनंनं केलं म्हनतील. एकदा नाव पडलं की पोरीला जन्मभर पुसायचं न्हाय. तिच्याच भल्यासाठी बोलते मी.

जोतीराम : तिच्या भल्यासाठी तिला कोल्ही हाकाय बसीवलीय, आँ?

बनाबाई : बसायचंच हाय तर हाकली कोल्ही, काय झिजती का ती? तू झोपतोस की राती हितं काठाला. मोठा आलाय बायकूचा कैवारी!

जोतीराम : आय, चेष्टा न्हाय. सकाळी ऊन कसं हुतं? अंग भाजत हुतं. मग वारंच पडलं. आता ह्यो गार झोत आला. तिकडं ईज बघ, थांबाय तयार न्हाय.

बनाबाई : आवंदा आभाळाचं डोस्कंच फिरलंय. शिमग्याला गारा पडल्या, पाडव्याला धुकं आलं. पर पाऊस हाय का हितं? वाळूवर पाय ठिववत न्हाय आजून. तिकडं पडतोय, पडू दे. त्येंचंबी रान भिजंल.

जोतीराम : तिकडं पडल्यालं पाणी जातं कुठं? कऱ्हंत. आन कऱ्हा येती कुठं? सोनगावापाशी आपल्या नीरंत.

बनाबाई : कऱ्हा! आरं, चैत्रात कऱ्हंत शेळीचं खूर भिजत न्हाय. मी ह्या काठाला नांदाय आले तवापासनं उन्हाळ्यात नदीला पाणी आल्यालं बघितलं न्हाय.

जोतीराम : म्हंजी येतच न्हाय?

बनाबाई : हाक मार रं बाबा, मार हाक. माझं डोस्कं खाऊ नगंस.

जोतीराम : झुंबरे! ए झुंबरे!

झुंबर : अवं! काय झालं?

जोतीराम : निघ तितनं! घरला ये!

झुंबर : का वं? आज तर दुसराच दिस हाय!

जोतीराम : आभाळ आलंय! दिसंना का?

झुंबर : दिसतंय की! हितनं लई झ्याक दिसतंय! वारंबी गार सुटलंय! तुमीच या बघायला!

बनाबाई : ऐकलंस? सासू उभी हाय हितं, तरी लाज न्हाय भवानीला.

जोतीराम : आगं, ये म्हनलं की यावं!

झुंबर : येते, येते! वेलातनं यिऊ?

बनाबाई : न्हाय गं! वेलात पाय टाकलास तर बघ! खालच्या वाटंनं ये!

झुंबर : व्हय आत्याबाई! घोंगडं तेवढं गुंडाळते!

बनाबाई : आन चुंबळीवानी करून डोक्यावर घे, वाळूत लोळवू नगंस! ... काय बघतोस माझ्याकडं? निघाली की ती.

जोतीराम : सकाळी काय बोललीस तिला?

बनाबाई : मी? मी काय बोलणार?

जोतीराम : भाकर घिऊन गेलीस तवा. मी मोट सोडून आलो तर पदर डोळ्याला लावून बसली हुती. इचारलं तर म्हनली, वाळू गेली डोळ्यात.

बनाबाई : म्हनले एवढंच, ह्या महिन्यालाबी बसलीस का बाजूला. बास. तेवढंबी म्हनू नगं? तुझा बा आज गाडी जुपून वालचंदनगरला फळांचं गिऱ्हाईक ठरवाय गेलाय, कुणासाठी धावतोय त्यो म्हातारपणी? घरात एखादं पोर रांगावं असं वाटतं मला. त्यात काय गुन्हा केला?

जोतीराम : तिला वाटत न्हाय?

बनाबाई : वाटत आसंल. मी कुठं न्हाय म्हनते? पोरगी वाईट न्हाय. काम उरकती, उलट बोलत न्हाय. माझंच तोंड फाटकं हाय, जोत्या. बोलते आन मग मलाच भाकर गोड लागत न्हाय.

जोतीराम : मग तिला सांगावं की कवातरी.

बनाबाई : सासूनं सुनंला सांगायचं? व्हय, सांगते. आता आली की चहा टाकते तिच्यासाठी. गूळ हाय न्हवं शिल्लक?

जोतीराम : आय, थांब. ऐक.

बनाबाई : काय?

जोतीराम : खडखडल्यावानी कायतरी.

बनाबाई : तुझा बा आला आसंल. गाडी खडखडती ती, आख वंगणाला आलाय.

जोतीराम : गाडी न्हवं. ह्यो आवाज नदीतनं येतोय. आन वास बघ. वली माती.

बनाबाई : मग पाऊस जवळ आला म्हनायचा.

जोतीराम : पाऊस न्हाय, आय! नदी येतीया! झुंबरे! ए झुंबरे, माघारी फीर!

झुंबर : काय म्हनता?

जोतीराम : माघारी! टेकाडावर जा! पाणी येतंय!

झुंबर : आत्ता तर ये म्हनलासा!

बनाबाई : फीर गं बाय! पळ!

झुंबर : आगं आय गं! अवं, ह्ये काय? काटक्या, फेस, समदी वाटच माझ्याकडं सरकतीया!

जोतीराम : वेलात शीर! वेलातनं पळत ये, माझ्याकडं, सरळ!

झुंबर : वेलातनं?

जोतीराम : व्हय, व्हय! ये!

झुंबर : आत्याबाई! यिऊ का?

जोतीराम : आय, बोल! तुझ्या तोंडाकडं बघतीया ती! वेलाच्या कडंला हुबी हाय बघ, पाय टाकंना! बोल की!

बनाबाई : ये! आगं ये गं माझे बाय! वेल गेला चुलीत! ये!

झुंबर : ऐकू येत न्हाय! आत्याबाई काय म्हनत्यात?

जोतीराम : ये म्हनतीया! ये!

झुंबर : आलं, पाणी आलं! वेलातबी आलं! मी टेकाडावर जाते!

जोतीराम : पळ! वर! खोपीपाशी! घोंगडं टाक ते!

बनाबाई : पोचली का? जोत्या, मला दिसंना झालंय, पोचली का रं?

जोतीराम : पोचली. खोपीचा मेढा धरलाय तिनं, मधला खांब.

बनाबाई : देवा म्हसोबा, कोंबडं दीन तुला. तू कुठं चाललास? जोत्या!

जोतीराम : सोड.

बनाबाई : न्हाय सोडायची. बाभळ आख्खी चाललीय मुळासकट, दिसत न्हाय? तिच्या झपाट्यात सापडलास तर हाड मिळायचं न्हाय.

जोतीराम : पवाया येतं मला. सोड म्हनतो न्हवं!

बनाबाई : जोत्या! आरं जोत्या! कुणीतरी या रं! गेणूभावजी! मानसिंग! कुणी हाय का? समदी मळ्यात मेली का काय! जोत्या, फीर माघारी, तुझ्या पाया पडते!

झुंबर : अवं, नगा उतरू! माझ्या गळ्याची शपत हाय तुमाला! माघारी जावा!

बनाबाई : धर, ह्यो पदर धर माझा. धर घट्ट. ये वर. लागलं का रं? रगत येतंय.

जोतीराम : पायाखाली वाळू न्हाय, आय. पाय टेकला की वाळूच निघून जाती.

बनाबाई : सांगड आण सिद्धूकडनं! भोपळ्याची सांगड हाय त्येच्याकडं, त्यावर बसून जा!

जोतीराम : कुठली सांगड? गेल्या पावसाळ्यातच भोपळं फुटलं. मिरगाच्या आधी नवं बांधतो म्हनलाय. चैत्रात सांगड कोण बांधून ठिवतंय?

बनाबाई : मग कासरा. मोटंचा नाडा आण.

जोतीराम : टाकायचा कसा? निम्म्यातबी पोचायचा न्हाय.

बनाबाई : मग काय करायचं? आँ? तू सांग की, काय करायचं?

जोतीराम : मला काय ठावं!

बनाबाई : थेंब न्हाय रं पडला हितं. एक थेंब न्हाय. माझ्या पाठीवर ऊन हाय बघ आजून. ह्ये कुणाचं पाणी आलं आपल्या नदीत?

झुंबर : अवं! घाबरू नगा! मी हाय वर!

जोतीराम : टेकाड किती ऱ्हायलंय?

झुंबर : खोपीपुरतं हाय! पर कडंनं ढासळतंय!

जोतीराम : मेढा सोडू नगंस! उतरंल पाणी! वळवाचं पाणी हाय, आलं तसं जातंय!

बनाबाई : जातंय का रं?

जोतीराम : म्हनायचं तिला. दुसरं काय म्हनू?

बनाबाई : झुंबरे! आगं, माझं चुकलं गं! म्या तुला वेलातनं येऊ दिलं न्हाय! सकाळी बोलले तेबी चुकलं!

झुंबर : काय वं, आत्याबाई?

बनाबाई : चुकलं माझं!

झुंबर : न्हाय वं! तुमाला तरी काय ठावं, पाणी यील म्हनून!

जोतीराम : कुठवर आलं?

झुंबर : गुडघ्याला! मेढा हालतोय पर हाय! अवं, तुमाला लागलंय का? लई वंगाळ दिसतंय हितनं!

जोतीराम : मला काय बी न्हाय झालं! तू मेढ्याकडं बघ!

बनाबाई : हिला बघ, मरणाच्या दारात हुबी हाय आन तुझं रगत बघतीया.

जोतीराम : मरणाचं नाव काढू नगंस, आय.

झुंबर : आत्याबाई! फळं आली हितं!

बनाबाई : काय आलं?

झुंबर : आपली कलिंगडं! वेलासकट उपटून आली! माझ्या अंगाला लागत्यात! मी न्हाय शिवले, तीच आली!

बनाबाई : आगं शीव! शीव गं माझे लेकी! तुझीच हायती समदी!

जोतीराम : एखांदं मोठं धर! छातीशी धर! तरंगतं ते!

झुंबर : निसटतंय!

जोतीराम : वेल गुंडाळ हाताला! वेलानं बांध!

झुंबर : धरलं! धरलंय वं! मेढा गेला! अवं, मेढा गेला!

जोतीराम : फळ सोडू नगंस! मी काठानं पळतो खाली, वळणावर! आय, चल! तितं पाणी काठाला येतंय! झुंबरे, डोस्कं वर ठीव!

बनाबाई : बोलत ऱ्हा गं! बोलत ऱ्हा, म्हंजी कळंल कुठं हायस!

झुंबर : काय बोलू?

बनाबाई : कायबी बोल! मला शिव्या दे!

झुंबर : तुमाला कशा दिऊ वं शिव्या!

जोतीराम : दिसतीया! त्या फेसाच्या पल्याड, लुगडं दिसतंय! आय, पळ!

बनाबाई : तू हो फुडं, मला न्हाय हुईत. झुंबरे! आगं झुंबरे! आता कवाबी वेलात ये! कुणी काय म्हनलं तर मी हाय, मी बघून घीन त्येला! घरातच बसायचं हितनं फुडं, चुलीपाशी बसायचं! ऐकलंस का गं? जोत्या, बोलली का ती? काय म्हनली?

जोतीराम : तू गप ऱ्हा जरा, आय. मला ऐकू दे.