डिकीचं झाकण

हॅलो?… हो, मीच. आवाज असाच येणार. मी डिकीत आहे… डिकीत गं, आपल्या जुन्या गाडीच्या. झाकण बंद झालंय आणि मी आत… चेष्टा नाही. कोणी कोंडलं नाही, माझी मीच अडकले… हो, हो… अगं ऐक ना. आधी ऐक.

झाकण वर धरून ठेवणारे दोन काळे दांडे असतात ना, गॅसचे? मेकॅनिक त्यांना शॉकर म्हणतो. ते कधीचेच गेलेत. चार महिने झाडूच्या दांड्याचा टेकू लावून बाबांची चाकांची खुर्ची आत-बाहेर करतेय. गेल्या आठवड्यात झाकण पाठीत बसलं… नाही सांगितलं. तू तिकडे बसून काय करणार होतीस?

मेकॅनिक म्हणाला, दोन्ही एकदम बदला, एकच बदललात तर झाकण तिरकं होईल. त्याला सवड नाही, म्हणून मीच जोडी आणली. क्लिप उचकटायची, जुना काढायचा, नवा दाबून बसवायचा… डावा बसवला. उजव्याचं आतलं टोक हाताला येईना, म्हणून आत चढून बसले. तो निघाला आणि टेकू घसरला. डावाही नीट बसला नसणार, निसटलाच. मान खाली घातली म्हणून वाचले.

… आतून नाही उघडत… किल्ली खिशात आहे, पण आतून लावायची कुठे?… खालच्या वकीलबाईंना फोन केला, उचलत नाहीत. मेकॅनिक म्हणाला तासभर लागेल. वॉचमनचा नंबर कधी घेतलाच नाही.

बाबा?… बाबा गाडीतच आहेत. पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी… अगं, वर घरात एकटं कसं ठेवू त्यांना? आणि गाडीत बसवलं की ते शांत असतात… काचा उघड्या आहेत, सावली आहे. पण डिकी उघडायची खटकी ड्रायव्हरच्या सीटच्या पलीकडे, पार दाराशी. उजवा हात लुळा, डावा तिथवर पोचणार कसा?… मारल्या ना हाका. ऐकू जातंय त्यांना. पण बोलता कुठे येतंय, विसरलीस?… बरं, बरं. तुला टोचून नाही बोलले.

नको, रडू नकोस. हवा आहे. गुडघे छातीशी आलेत आणि डावा पाय बधिर झालाय, एवढंच.

… एक सांगू? कोणाला बोलू नकोस. झाकण पडलं, अंधार झाला, आणि पहिली पाच मिनिटं मी हाक मारलीच नाही. फोनही काढला नाही. नुसती पडून राहिले… झोप नाही गं. बरं वाटलं मला. इथे कोणी माझ्याकडे काही मागू शकत नव्हतं. पाणी नको, गोळी नको, कूस बदलायला नको. मग बाबांचा तो घशातला आवाज आला, आणि माझी मलाच लाज वाटली… दमलेय वगैरे म्हणू नकोस. दमलेय हे दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं तुला. तू म्हणालीस, बाई ठेव. बाई अकरा दिवस टिकली.

… थांब. गाडी हलतेय… बाबा? बाबा, काय करताय? पडाल… अगं ते सरकतायत बहुतेक. सीट करकरतेय… बाबा, नका… मला काय दिसणार, मी…

ऐकलंस?… हॉर्न. बाबाच. दुसरं कोण? वीस वर्षं लोकांना गाडी शिकवली त्यांनी… हात काढतच नाहीयेत. सोडतच नाहीयेत गं…

कोणीतरी धावतंय. वॉचमन असणार… अहो, इकडे, मागे. डिकीत. झाकण नका ओढू, तसं नाही उघडणार. ड्रायव्हरच्या सीटखाली खटकी आहे, दाराच्या बाजूला. वर ओढा… त्यांना आधी धरा, त्यांना…

… उघडलं. हो, उघडलं… आहेस ना?… थांब, पाय टेकत नाहीये… नको काका, झाकण तुम्ही धरून ठेवा, नाहीतर परत पडेल. मी उतरते.

… बाबा स्टीअरिंगवर पडलेत. छाती टेकून… नाही, नाही. श्वास चालू आहे. डोळे उघडे आहेत. माझ्याकडेच बघतायत. रडतायत. उजवा हात अंगाखाली दुमडलाय… लागलं नसावं. बघते. थांबवा आता बाबा, हात काढा. आले मी. बाहेर आले.

… ऐक. पुढच्या महिन्यात बघू म्हणू नकोस. याच आठवड्यात ये… मग रजा काढ. चार दिवसांची पाहुणी म्हणून नको. महिनाभर राहा, आणि त्यांचं सगळं तू कर. मी समोर असले तरी तू कर… घरी विचारून सांगते, असं नको. मला विचारायला कोण होतं?

… हं.

… हं. बरं. तिकीट काढ आणि सांग… ठेवते मी. बाबांना सरळ बसवायचंय, दोन्ही हात लागतात.