बाजेवरची मालकीण

"आमचं शाळेचं संगीत नाटक झालं की गरीब-श्रीमंत उरणार न्हाई," मिनानं खच्चून भरलेल्या जीपमध्ये जाहीर केलं.

"आधी सरक, माणसाला बसू दे," तिची माय म्हणाली. क्रांतीच्या आधी नुकत्याच चढलेल्या वैजनाथरावांना चार बोटं जागा मिळाली.

"गाणी पाठ हायेत, माय. पण नाटकात मी मालकीण अन् राजनंदिनी मजूर. ती आली की मी बाजेवरून उठते. सर चिडून राहिले."

"काहून उठती?"

"तू राजनंदिनीच्या घरच्या शेतात निंदती. ती धुऱ्या-बांधावर आली की तू खुरपं ठेवून उठती."

"नाटकात उठू नको. मी समोर बसते. माझ्याकडं बघून तूबी बसून राहा."

"अन् तिची आई आली तर?"

मायनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

"सरांना इचार, मला मागं उभं राहायला जागा असंल का."