कुंपणाकडचा कसावा

हॅलो? … कोण, उनाइसी? अगं मोठ्यानं बोल, सुवाच्या बाजारात इथे कोण कुणाचं ऐकतंय!

… झालं का तुझं शाळेच्या प्रयोगाचं, कसाव्याच्या सत्त्वाचं प्लास्टिक? … मग रडतेस कशाला? कसाव्याचा कंद किसलास, पिळलास, सत्त्व खाली बसायला ठेवलंस… हो, हो, आंघोळीला गेलीस. पुढे?

… कशात ठेवलं म्हणालीस?

अगं, पाहुण्यांना यंगोना पाजायच्या भांड्यात? आजोबांच्या? घरातली पातेली काय मेली होती? … रुंद आहे म्हणून! … बरं, ऐकतेय, बोल.

… पाहुणे आले… आणि तुझ्या बाबांनी त्याच पाण्यात यंगोनाच्या मुळीची पूड कालवली? … सकाळचीच उरलीय असं वाटलं. वाटणारच! गढूळ पाणी, वर पिळायचं फडकं… यंगोनाही तशीच दिसते.

थांब. उनाइसी, कसावा कुठला? परसातला की कुंपणाकडचा? … कुंपणाकडचा कशाला उपटलास गं! … सत्त्व जास्त निघतं, कबूल, पण कडू असतो तो! त्याचं पहिलं पाणी आपण डुकरांनासुद्धा लागू देत नाही. विष आहे ते, विष!

… प्यायले का? … अजून भाषणंच चाललीत? देवा, बोलू दे त्यांना. … मग जा ना आत! … ठाऊक आहे मला. बैठकीत पोरींनी मधून जायचं नाही, भांडं ओलांडायचं नाही. आज ओलांड. लाथ मार त्याला! … रागावू देत आजोबा. मी सांगतेय ना!

… ही टाळी कसली? … एकच वाजली. म्हणजे वाटी घेतली कुणीतरी. कुणी? … आजोबांनी? पळ! फोन हातात असू दे, पळ!

… हॅलो? … हॅलो?

… काय पडलं? … मामंजी? तुम्हीच ना ओरडताय? ओरडा, हवं तेवढं ओरडा! घोट गेला का पोटात? … नाही? सगळं चटईवर? … अहो, पोरीला मारू नका, विषारी पाणी होतं ते, मीच सांगितलं तिला. … हो, पाहुण्यांचा अपमान झाला, मान्य. रिवाजाप्रमाणे देवमाशाचा दात पुढे ठेवून माफी मागू आपण.

… मामंजी, एक सांगा. वाटी तुमच्या हातात यायच्या आधी… कालवणारा चाखून बघतो ना, कडक झालीय का म्हणून… ह्यांनी चाखली?

… केवढी? … वाटीभर?

द्या त्यांना फोन. … का? … डोकं गरगरतंय? … कोण हसतंय तिकडे? … यंगोना चढली म्हणतात? अहो, ती यंगोना नाही! हसू नका! झोपू देऊ नका त्यांना, ट्रक काढा, दवाखान्यात न्या… आणि उनाइसीला बरोबर घ्या, डॉक्टरांना ती सांगेल कसलं पाणी ते…

… त्यांच्या कानाला लावा फोन. … लावलात?

अहो… मी बोलतेय. ऐकू येतंय का? … अहो? … अहो!