आमच्या प्रतिनिधीकडून

हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या शेजारी बहीणभाऊ भांडत होते. दोघंही बातम्यांच्या पोर्टलांत कामाला, पण ती पोर्टलं एकमेकांची स्पर्धक.

"ताई, चूक तुझी होती. घराजवळचं हॉस्पिटल बंद, असं तूच लिहिलंस."

"हो, लिहिलं. बंद फक्त ओपीडी होती. कळल्याबरोबर मी बातमी सुधारली, खाली माफीही मागितली. तू काय केलंस?"

"तुम्ही सुधारलीत ते आम्हाला कसं कळणार?"

"उचलताना बरं कळलं! शब्दन् शब्द माझा, आणि वर 'आमच्या प्रतिनिधीकडून'. कुठे होता रे तुमचा प्रतिनिधी? खुर्चीत?"

"सगळेच उचलतात. लगेच टाकली नाही तर बॉस डोकं खातो. बाजारात टिकायचंय आम्हाला."

"एक फोन करायचास ना तिथे! नंबर त्यांच्या पाटीवर रंगवलाय, रोज त्याखालून जातोस."

"हळू बोल, लोक बघतायत."

"बघू देत! आईच्या छातीत कळ आली आणि बाबा दारासमोरचं हॉस्पिटल सोडून तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला घेऊन आले."

"मग बाबांनी तुमचं पोर्टल का नाही बघितलं?"

"बघितलं. त्यात हॉस्पिटल चालू आहे, असंच होतं."

"मग?"

"मग म्हणाले, 'पोरगी एकदा चुकलीये. पोरगा अजून त्याच बातमीवर ठाम आहे, म्हणजे तो स्वतः जाऊन बघून आला असणार.'"