सुधारणा आहे, पण दाखवू कशी?

नाही, पण मला एक सांगा, पोरगं वाढलं हे कसं कळतं? पँट आखूड होते! जखम भरली हे कसं कळतं? खपली पडते! डोळ्यांचा नंबर वाढला हे कसं कळतं? ते तर मीच सांगतो, चष्म्याचं दुकान आहे माझं, अंधाऱ्या खोलीत बसवतो, समोर अक्षरं लावतो, डोळ्यांपुढची भिंगं बदलत 'पहिलं बरं की दुसरं? आणि आता? पहिलं की दुसरं?' असं विचारतो आणि दहा मिनिटांत निकाल हातात देतो! पण पोकर शिकणारा माणूस सुधारतोय, हे कुठल्या भिंगातून बघायचं, सांगा ना! तीन वर्षं झाली हो! दर रविवारी दुपारी जेवून उठतो, खेळायला जातो आणि दिवेलागणीला हात हलवत परत येतो. बायको दारातच उभी. 'हरलात?' 'हरलो... पण सुधारणा आहे!' 'कुठंय?' आता काय दाखवू तिला? खिसा उलटा करून दाखवू?

तुम्हाला सांगतो, आमचा जुगारबिगार नाही. गैरसमज नको. टेलरवहिनींच्या दुकानामागच्या खोलीत कापड बेतायचं मोठं टेबल आहे, त्याभोवती आम्ही सहा जण बसतो आणि बटणांवर खेळतो. शर्टाचं बटण म्हणजे एक, कोटाचं म्हणजे दहा, आणि उठताना सगळी बटणं वहिनींच्या डब्यात परत. वहिनी स्वतः खेळतात, आमचे मास्तर आहेत, गणित शिकवून निवृत्त झालेले, दाताचे डॉक्टर आहेत, मोटार शिकवणारे काका आहेत, माझा मेहुणा आहे, म्हणजे बायकोचा सख्खा भाऊ, आणि सहावा मी. सहाच! सातवा बसवायचा म्हटला तर शिवणयंत्रावर बसवावा लागेल.

आणि नेमका सातवा आला! पोस्टातले भाऊ. मी ज्या खुर्चीवर बसतो ती मुळात त्यांची. तीन वर्षांपूर्वी त्यांची बदली झाली, खुर्ची रिकामी झाली, मेहुण्यानं मला नेऊन बसवलं. आता ते निवृत्त होऊन परत आले आणि दारात उभे राहून माझ्या खुर्चीकडे असे बघताहेत, जसं काही मी त्यांचं रजिस्टर पत्र फोडून वाचतोय! मग मास्तरांनी तोड काढली. म्हणाले, 'दोन महिन्यांनी चिठ्ठ्या टाकू. सर्वांत कच्चा खेळाडू कोण, त्याचं नाव लिहायचं. लिहायचं नसेल तर कोरी टाकायची. ज्याच्या नावाच्या जास्त चिठ्ठ्या, त्यानं वर्षभर उठायचं. सगळ्या कोऱ्या निघाल्या तर कुणीच उठायचं नाही, भाऊंनी वर्षभर थांबायचं.' भाऊ म्हणाले, 'थांबेन की! पोस्टात जन्म गेला माझा. लोकांना थांबवलंय, आता स्वतः थांबतो.'

आता मला सांगा, यात सगळ्यांच्या नजरा कुणाकडे वळाव्यात? माझ्याकडे! मेहुणा तर टेबलाखालून माझा गुडघा दाबतोय, 'भावोजी, काहीतरी करा.' आणि मला ती खुर्ची हवी होती हो. हवी म्हणजे हवीच! आठवडाभर मी लोकांच्या नाकावर चष्मे टेकवत असतो, सगळे माझ्या भिंगातून दुसरीकडे बघतात, माझ्याकडे कुणी बघत नाही. त्या टेबलाशी पाच माणसं डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडे बघतात! म्हटलं, दोन महिन्यांत सिद्ध करून दाखवीन. सुधारणा आहे, ती दिसलीच पाहिजे!

मास्तरांना गाठलं. म्हटलं, 'मास्तर, जिंकायला लागलो म्हणजे सुधारलो ना?' ते म्हणाले, 'छे! जिंकतो काय, आंधळ्याच्या हातीही ससा लागतो. निर्णय बरोबर होता का, ते बघा.' म्हणून वही घातली. दर रविवारच्या चुका लिहायच्या. पहिल्या रविवारी काय लिहिलं ठाऊक आहे? 'चूक नाही. नशीब फुटकं.' दुसऱ्या रविवारी? 'चूक नाही. डॉक्टरांचं नशीब फार.' आणि पाचव्या रविवारी... तीन पानं भरली! बायको म्हणाली, 'अहो, चुका वाढल्या की!' मी म्हटलं, 'वाढल्या नाहीत गं, दिसायला लागल्या! कालपर्यंत चष्माच नव्हता!' तिला पटलं नाही. पण सुधारणा आहे!

आणखी ऐका. पूर्वी मी प्रत्येक डाव खेळायचो. दोन पानं हातात आली, कसलीही असोत, दुरी असो सत्ती असो, आलोय तर खेळतो! गिऱ्हाईक दुकानात शिरलं की त्याला रिकामं पाठवायचं नाही, ही सवय ना! आता? आता पानं बघतो आणि ठेवून देतो. दहातले आठ डाव नुसता बसून असतो. काका म्हणाले, 'झोप लागली का हो?' अहो, झोप कसली, संयम आहे हा! आणि एकदा तर काय झालं, भलतीच फालतू पानं घेऊन मी वेड्यासारखा शेवटपर्यंत गेलो, आणि शेवटच्या पानाला लागला की डाव! समोर कोटाच्या बटणांचा ढीग! मेहुणा टेबलावर थापा मारतोय, 'वा भावोजी, वा!' आणि मी... मान खाली घालून बसलेलो. खेळलो चुकीचं आणि जिंकलो, याची लाज वाटली हो मला! जिंकल्याची लाज वाटायला तीन वर्षं लागली. ही सुधारणा नाही तर काय?

पण सर्वांत मोठा शोध लागला तो वहीमुळेच. बघतो तर काय, ज्या ज्या डावात मला राजा-एक्के आले, त्या प्रत्येक डावापुढे एकच ओळ, 'सगळ्यांनी पानं टाकली. दोन बटणं मिळाली.' प्रत्येक डावात! असं कसं? मी तोंड तर दगडासारखं ठेवतो! बायकोला वाचून दाखवलं. तिनं मानसुद्धा वर केली नाही. म्हणाली, 'चांगलं गिऱ्हाईक आलं की तुम्ही काय म्हणता?' मी म्हटलं, 'पाणी घेणार का?' ती म्हणाली, 'मग तिथंही म्हणत असाल.' ...अहो, म्हणत होतो! तीन वर्षं! चांगली पानं आली की माझ्या तोंडून आपोआप 'पाणी घेणार का कुणी?' आणि पाच जण गुपचूप पानं खाली ठेवून, वर 'हो, द्या' म्हणून पाणी पीत होते! सख्खा मेहुणा पीत होता! त्याला विचारलं तर म्हणतो, 'भावोजी, खेळ तो खेळ.'

मग काय, मीही हटलो नाही. पुढच्या रविवारी प्रत्येक डावाला पाणी विचारलं. चांगली पानं, पाणी. वाईट पानं, पाणी. 'डॉक्टर, घ्या ना. काका, अर्धा ग्लास?' दोन माठ संपले. डॉक्टर चार वेळा बाहेर जाऊन आले, शेवटी वैतागून म्हणाले, 'तुमच्याकडे काय आहे तेच कळेना बुवा!' माझ्या आयुष्यात एवढी मोठी शाबासकी मला कुणी दिलेली नाही.

आणि मग तो डाव. चिठ्ठ्यांच्या आदल्या रविवारचा. माझ्या हातात दोन राजे. मधे जी पाच पानं सगळ्यांसाठी उघडी मांडतात, त्यात तिसरा राजा! तीन राजे हो! पूर्वीचा मी असतो तर बटणं काय, चष्मासुद्धा काढून ठेवला असता. पण बघतो तर मधे तीन बदाम. राजाही बदामाचाच. आणि वहिनींनी सगळी, सगळी बटणं पुढे सारली! त्यांच्या हातात दोन बदाम असतील तर पाच बदाम झाले, आणि पाच बदामांपुढे माझे तीन राजे म्हणजे तीन शिपाई. मी वहिनींकडे बघितलं. त्या खेळताना ओठांत टाचणी धरतात. हूल देत असल्या की टाचणी हलते, हे मी पाच रविवार टिपून ठेवलं होतं. टाचणी स्थिर. अगदी स्थिर. आणि मी... तीन राजे उपडे ठेवले! नशिबाला शिव्या नाहीत, आदळआपट नाही. मेहुण्यानं विचारलं, 'काय होतं?' मी म्हटलं, 'काही नाही.' काही नाही! तीन राजे होते!

आणि वहिनींनी काय केलं? आपली पानं न दाखवता गड्डीत मिसळून टाकली. नियमच आहे, समोरचा हटला की दाखवायची गरज नाही. म्हणजे बघा, माझ्या आयुष्यातला सर्वांत शहाणा निर्णय, आणि तो शहाणा होता की नाही हे जगात एकाच बाईला ठाऊक! बुधवारी त्या डोळे तपासायला आल्या. अंधारी खोली, मी भिंग बदलतोय, 'पहिलं बरं की दुसरं?' 'दुसरं.' 'आता?' 'पहिलं.' 'आणि वहिनी, बदाम होते की नव्हते?' त्या म्हणाल्या, 'मला अक्षरं विचारा.'

तर तो रविवार उजाडला. मास्तरांनी सहा कागद फाडून दिले. मी सगळ्यांकडे पाठ करून बसलो आणि विचार करायला लागलो. पूर्वीचा मी असतो तर डोळे मिटून मेहुण्याचं नाव लिहिलं असतं. पण आता मला खेळ दिसतो ना! मेहुणा? बेधडक खेळतो, पण हटायचं कधी हे त्याला कळतं. काका? हळू, पण पक्के. डॉक्टर? वहिनी? मास्तर? प्रश्नच नाही. एकेकाला भिंगाखाली घातलं, आणि खरं सांगू? सर्वांत कच्चा... मीच होतो. सुधारलेला, पण कच्चा. तीन वर्षांपूर्वीच्या मला हे मरेपर्यंत दिसलं नसतं. आणि स्वतःचं कच्चेपण स्वतःला दिसणं, याहून मोठी सुधारणा कुठली? छाती भरून आली हो माझी! लिहिलं मोठ्या अक्षरात, आणि टाकली चिठ्ठी.

भाऊंनी चिठ्ठ्या उघडल्या, टपाल वाटल्यासारख्या एकेक. 'कोरी.' 'कोरी.' 'कोरी.' मला कळेना. 'कोरी.' मेहुणा माझ्याकडे बघून हसतोय. 'कोरी.' आणि सहावी... भाऊ थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. 'चष्मेवाले,' म्हणाले.

मेहुण्यानं कागद हिसकावून बघितला. 'भावोजी, हे अक्षर तुमचं!' वहिनींच्या ओठांतली टाचणी पडली. आणि मास्तर, ज्यांनी तीन वर्षांत मला कधी बरं म्हटलं नाही, ते मास्तर कपाळावर हात मारून म्हणाले, 'अहो, तुम्ही सुधारलात हे आम्हाला दिसत होतं! प्रत्येकानं आपापल्या मनानं कोरी टाकली! आणि तुम्ही? या खेळात पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं मी? आपली पानं आपण होऊन दाखवायची नाहीत!'

नियम म्हणजे नियम. मी उठलो, भाऊ बसले. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आणि तीच तर अडचण आहे हो, खोटं कशाला बोलू! म्हणून आता पुढच्या चिठ्ठ्यांपर्यंत सराव चाललाय. रोज दुकान उघडायच्या आधी आरशापुढे उभा राहतो, तोंड सरळ ठेवतो आणि मोठ्यानं म्हणतो, 'सर्वांत कच्चा माझा मेहुणा आहे.' कान लाल होतात. दोन्ही. काल डावा जरा कमी झाला होता...

सुधारणा आहे!